नवरीचं लुगडं

आमच्याकडं लग्न ठरलं की पहिली घाई बस्त्याची. पत्रिका वगैरे मागाहून. दोन्हीकडची चार-चार माणसं, त्यात एक हिशेबी म्हातारा आणि एक तोंडाळ आत्या धरून, तालुक्याला जायची आणि कापडाच्या दुकानात गादीवर मांडी ठोकून बसायची. दुकानदार चहा सांगायचा, गठ्ठे सोडायचा. मानपानाची लुगडी, धोतरं, टोप्या, खण, सगळं निघायचं. दिवस मावळता मावळता कुणीतरी म्हणायचं, "आता नवरीचं काढा." मग लाल फडक्यात बांधलेला वेगळा गठ्ठा सुटायचा.

या सगळ्यात नवरी कुठं असायची? घरी. चुलीपुढं. बस्ता घरी आल्यावर तिला आपली कापडं दिसायची, तीही आयाबायांनी हाताळून झाल्यावर.

आता आमच्याच गावच्या मुली पुण्यात नोकरीला आहेत. त्या स्वतः दुकानात जातात, स्वतः निवडतात, आणि गंमत अशी की निवडतात ते जुनं. 'जुन्या पद्धतीची नवरी' व्हायचंय म्हणतात. नऊवारी, नथ, खोपा, चंद्रकोर, हातभर हिरवा चुडा. दुकानात नऊवारीची नावंसुद्धा पाठ असतात: पेशवाई, ब्राह्मणी, मस्तानी. ही शिवून तयार मिळते. सलवारीसारखी पाय घालून चढवायची, कंबरेला नाडी, मागं काष्टा आयता शिवलेला. पाच मिनिटांत नवरी तयार.

मला यात काही वाईट वाटत नाही. पोरींना आवडतंय, शोभतंय. पण 'जुनं' म्हणजे कुणाचं जुनं, हा प्रश्न मात्र मनात येतो. कारण आमच्या घरातल्या नवऱ्या मी एकामागून एक आठवते, तेव्हा त्यातली एकही त्या पेशवाई नऊवारीत दिसत नाही.

माझ्या आजीचं लग्न १९४४ सालचं. दुसरं महायुद्ध चालू होतं. गिरण्यांचं कापड लढाईकडं वळलेलं, बाजारात टंचाई, भाव चढलेले. १९४३ साली सरकारनं कापडावर आणि सुतावर नियंत्रण आणलं. आजीच्या तोंडी त्या काळाला एकच शब्द होता, 'कंट्रोल'. ती सांगायची, "कंट्रोलात पोरगी उजवायची म्हंजी बापाला घाम. नऊ वार कापड एकीच्या अंगाला, आणि दावं तर बारा माणसांना." लुगडं नऊ वारांचं, म्हणजे सव्वाआठ मीटर. टंचाईत एवढं कापड एका नवरीला द्यायचं म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी अंग झाकायचं राहणार.

तरी आजीला दोन लुगडी मिळाली. पहिलं मामाचं, पिवळं. साधं पांढरं सुती लुगडं घेऊन हळदीच्या पाण्यात बुडवलेलं. नवरीला पिवळं मामानं द्यायचं, ही रीत अजून बऱ्याच घरांत आहे. ब्राह्मणांच्या घरी असल्या पिवळ्या वस्त्राला अष्टपुत्री म्हणतात. 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' हा आशीर्वादच जणू नेसायला द्यायचा. आठ मुलगे व्हावेत, मुलींचं नाव नाही. कापडसुद्धा काय काय बोलत असतं बघा.

हळदीचा रंग कच्चा. पहिल्या धुण्यात तो निम्मा उतरतो, चार धुण्यांत लुगडं पुन्हा पांढरटाला येतं. आजीनं ते शेतात नेसलं. मध्ये विरलं तेव्हा विरलेला भाग फाडून काढला आणि उरलेले दोन तुकडे जोडून त्याला दंड घातला. दंड घातलेलं लुगडंही जीर्ण झालं तेव्हा त्याचं धडुतं झालं, आणि धडुत्याची शेवटी वाकळ. त्या वाकळेत माझे वडील आणि चुलते वाढले. म्हणजे आजीच्या लग्नातला मामाचा आहेर पुढं वीस वर्षं घरात कामाला होता.

दुसरं सासरचं, हिरवं इरकल. आमचा भाग दुष्काळी, माणदेशाच्या कडेचा. इथं लग्नातलं लुगडं म्हटलं की इरकलच. हे कापड बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचं. कर्नाटकातलं गाव, पण त्याचं नाव आमच्या बायकांच्या तोंडी माहेरच्या गावासारखं असायचं. चोळीचा खण त्याच मुलखातल्या गुळेदगुड्डचा. इरकलाचं विणकाम समजून घेण्यासारखं आहे. अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा. अंगाला सूत असलं तरी पदराला लाल रेशीम. हे दोन ताणे मागावर एकेका धाग्याचा फासा दुसऱ्याच्या फाशात अडकवून जोडतात. असे शेकडो फासे हातानं घालायचे. त्यामुळं एका लुगड्यापुरताच ताणा तयार करावा लागतो. लांबच लांब ताणा लावून ठाण विणलं आणि कापून लुगडी पाडली, असं इथं होत नाही. लाल पदरावर पांढऱ्या रेशमाची देवळाच्या शिखरांसारखी नक्षी. आजीच्या डोक्यावरून पदर घेतला की ती शिखरं कपाळापाशी यायची.

नेसायची तऱ्हाही सांगते, कारण शिवलेल्या नऊवारीत ती हरवते. आत परकर नाही, पिन नाही, नाडी नाही. लुगडं कंबरेभोवती घेऊन एक गाठ मारायची. एका बाजूला पदराचं माप सोडायचं, दुसऱ्या बाजूच्या निऱ्या करायच्या, खालचा काठ दोन पायांमधून मागं नेऊन काष्टा खोचायचा. पुढं उरलेल्या घोळाचा ओचा. ओच्यात शेंगा, भाजी, नातवाचा खाऊ. केळ्यात पैशाची चंची. काष्टा किती वर घ्यायचा हे कामावर ठरायचं. वाड्यातल्या बाईचं लुगडं घोट्यापर्यंत, रानात भांगलणाऱ्या बाईचं गुडघ्याखाली चार बोटं. एकच कापड, पण नेसण्यावरून बाई कोणत्या घरातली ते लांबून कळायचं. आज दुकानात जी नऊवारी मिळते ती सगळी घोट्यापर्यंतची असते. गुडघ्यापर्यंतची नवरी कुणी मागत नाही.

माझ्या आईचं लग्न १९७३ च्या उन्हाळ्यात. बहात्तरच्या दुष्काळाची सर्वांत वाईट पाळी तीच. विहिरींनी तळ गाठलेला, जनावरं दावणीला उभी राहीनात, अर्धं गाव खडी फोडायला. आईचे वडील आणि आई दोघंही दुष्काळी कामावर होते. जेवणाला मिलोच्या भाकरी. अशात शालू कुठला आणायचा?

पण आमच्या आळीत एक शालू होता. बनारसी, लाल, खऱ्या जरीचा, थोरल्या घरच्या एका बाईला तिच्या लग्नात मिळालेला. तिनं तो पेटीत ठेवला नाही. आळीत कुणाचं लग्न निघालं की दोन दिवस आधी नवरीची आई जायची आणि शालू घेऊन यायची. अक्षता पडल्या, वरात दाराशी आली की रात्रीच शालू उतरवून, घडी करून परत. आईनं मोजलं होतं: त्या शालूत तिच्याआधी दहा जणी उभ्या राहिल्या होत्या. ती अकरावी. पैसे नाहीत, चिठ्ठी नाही. फक्त एक अट, शालूला हळद लागू द्यायची नाही. म्हणून हळदीचं लुगडं वेगळं.

आता शहरात लग्नाचे कपडे भाड्यानं मिळायला लागले आहेत, आणि लोक त्याला नवी कल्पना म्हणतात. आईला हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "आमच्यात भाडं नव्हतं एवढंच."

मी १९९७ ला बोहल्यावर चढले. तोवर काष्टा गेला होता. गोल साडीनं घराघरात पाय रोवले होते, तेही भांडणं होऊनच. सासऱ्यापुढं गोल नेसून कसं जायचं, यावर आमच्या घरी रुसवेफुगवे झालेले मला आठवतात. माझ्या वेळी सगळ्यांना 'हम आपके हैं कौन' मधलं पाहिजे होतं. तो सिनेमा १९९४ चा, आमच्या तालुक्यात त्याचा अंमल पुढं कितीतरी वर्षं होता. मला मिळाला चकचकीत जरीचा सहावारी शालू. एकदाच नेसले. दुसऱ्या वर्षी जर काळी पडली. त्याची ना वाकळ झाली, ना तो कुणी मागायला आलं. तो अजून कपाटात आहे.

मग आजच्या पोरींच्या डोळ्यांपुढची 'जुनी नवरी' आली कुठून? माझ्या मते ती तीन-चार वाटांनी आली. एक वाट चित्रांची. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या. देवी भरजरी वस्त्रात. मग लक्ष्मीच्या पावलांनी येणारी नवरी तशीच दिसावी असं का वाटू नये? दुसरी वाट नाटकाची. बालगंधर्व रंगभूमीवर जे शालू, जे दागिने घालत, त्याची नक्कल मोठ्या घरच्या बायका करत. एका पुरुषानं स्त्रीवेषात जे नेसलं ते स्त्रियांनी उचललं. तिसरी वाट टीव्हीची. २००४ साली 'होम मिनिस्टर' सुरू झालं आणि रोज संध्याकाळी एका वहिनीच्या खांद्यावर पैठणी पडायला लागली. आमच्या गावात तोवर पैठणी कुणी हातात धरली नव्हती, ऐकून होतो. चौथी वाट पुन्हा सिनेमाची, २०१५ चा 'बाजीराव मस्तानी'. त्या साली लग्नसराईत दुकानदारांना दुसरं नाव सुचत नव्हतं.

या सगळ्या वाटा वाड्यातून, रंगमंचावरून, पडद्यावरून आलेल्या आहेत. रानातून एकही नाही. पैठणी ही तर गोदाकाठच्या पैठणची, पुढं नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात वाढलेली, एके काळी सोन्याचांदीची जर घालून विणलेली. खरी हातमागाची पैठणी ओळखायची खूण साधी आहे: पदर उलटा करून बघा. मोर, वेल, कमळ मागूनही तसंच स्वच्छ दिसलं तर ते हातानं एकेक रंगाचा धागा घालून विणलेलं. मागं धाग्यांचे झुबके लोंबत असतील तर ती यंत्रमागावरची. येवल्याचा माणूस एका पदरावर आठवडेच्या आठवडे, कधी महिने बसतो. ती महाग असणारच. पण ती आमच्या आजीची नव्हे, एवढंच माझं म्हणणं.

हे सगळं मी माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला, ऐकवलं. २०२३ ला तिचं लग्न ठरलं. ती पुण्यात कंपनीत आहे. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आत्या, मला पणजीसारखंच पाहिजे. पणजीचं इरकल आहे ना ट्रंकेत?"

इरकल होतं. आजी ते सणावारालाच नेसायची, म्हणून टिकलं. आम्ही ट्रंक उघडली. पदराचं रेशीम धडधाकट, लाल रंग जसाच्या तसा. अंगाचं सूत मात्र घडी-घडीवर तडकलेलं. भाचीनं ते शहरातल्या एका शिंप्याला दाखवलं. तो म्हणाला, चांगला भाग कापून घेऊ, अस्तर लावू, शिवून नऊवारी करून देतो. पोरगी हरखली.

नानी तेवढी बोलली. नानी म्हणजे माझी धाकटी चुलती. "कापल्यावर मागारी येतंय व्हय ते? आत्याबाईंनी ऐंशी वरीस ठिवलं, तू एका सांजेसाठी कातर लावणार?"

नानीबद्दल सांगितलं पाहिजे. माझे धाकटे चुलते मुंबईला गिरणीत होते. लग्नसराईला गावी येताना ते कापडाचे गठ्ठे घेऊन यायचे. आमच्या घरातल्या कितीतरी बस्त्यांचा निम्मा भार त्यांनी उचलला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, त्यात चुलते एक. ते गावी आले ते परत गेलेच नाहीत. १९८४ ला आजारपणात वारले. नानी तेव्हा पंचविशीतली, पदरात एक मूल.

आमच्या घरात काष्ट्याचं लुगडं नेसवावं तर नानीनंच. आजीच्या हाताखाली ती शिकली. निऱ्या अशा बसवायची की नवरी दिवसभर उठबस करो, हलायच्या नाहीत. पण १९८४ नंतर तिनं एकाही नवरीला हात लावला नाही. कुणी तिला हाकललं नाही. हाकलायची गरजच नसते. हळदीच्या वेळी ती आपोआप मागच्या दारी भांडी घासायला जायची. हिरवा चुडा, ओटी, मुंडावळ्या, नवरीला नेसवणं, ही सगळी सवाष्णींची कामं. माझ्या लग्नातसुद्धा माझी साडी दुसऱ्या कुणी नेसवली, आणि ती दुपारपर्यंत तीनदा सुटली. नानी खिडकीतून बघत होती. तिला दिसत होतं कुठं चुकलंय ते.

जुनी पद्धत म्हणताना हेही जुनंच आहे, हे आपण विसरतो. नथ घेतली, खोपा घेतला, की ही रीतही मागच्या दारानं आत येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. आमच्या गावात त्यावर पारावर चर्चा झाली, वर्तमानपत्र हातोहात फिरलं. ठराव मात्र झाला नाही.

भाचीनं इरकल कापलं नाही. नानीच्या सांगण्यावरून तिनं हातमागाचं नवं हिरवं इरकल घेतलं, नऊवारी, न शिवलेलं. पणजीचा पदर मात्र तिला अंगावर पाहिजेच होता. तडकलेलं सूत घडी करून आत घेतलं, आणि लाल पदराचा भाग शेल्यासारखा खांद्यावरून सोडायचं ठरलं. कातर कुठंच लागली नाही.

आणि मग प्रश्न आला, नेसवणार कोण. ब्यूटी पार्लरची मुलगी होती, पण तिला शिवलेलीच चढवता येत होती. भाची म्हणाली, "नानीआजी नेसवेल." खोलीत बायका होत्या, त्या गप्प झाल्या. एक जाऊबाई हळूच म्हणाल्या, "सवाष्णीनं काष्टा घालावा, बाकीचं नानी सांगतील." बोलणं वाईट नव्हतं, सुरात काळजीच होती. नानी स्वतःच म्हणाली, "व्हय बाय, मी लांबून सांगते की. शुभाचं काम हाय."

पोरगी जागची हलली नाही. कंबरेशी लुगड्याचं एक टोक धरून उभी. म्हणाली, "मग मी अशीच उभी राहते. मुहूर्त टळला तर टळू दे."

बाहेर भटजी घाई करत होते. माझ्या आईकडं सगळ्यांचे डोळे लागले. आई आता घरातली थोरली, तिच्या शब्दावर पुढचं होणार. दुष्काळात दुसरीच्या शालूत उभी राहिलेली बाई ती. ती म्हणाली, "माझ्या अंगावर होता तो शालू जिचा होता, ती मी नेसले तवा रांडमुंडच होती. तिचं कापड चाललं. हिचा हात का चालू नये?"

हे मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत आईनं कधी सांगितलं नव्हतं.

नानी पुढं आली. आधी हात धुऊन पदराला पुसले. पहिल्या गाठीला तिची बोटं जरा थरथरली. चाळीस वर्षांत दुसरीच्या कंबरेला तिनं लुगडं बांधलं नव्हतं. निऱ्यांवर आल्यावर मात्र हात भरभर चालले. काष्टा खोचताना तिनं पोरीच्या पाठीत एक धपका घातला आणि म्हणाली, "ताठ उभी ऱ्हा. पोट आत." ती जुनी नानी होती. मी तिला तशी १९८४ च्या आधी पाहिली होती.

लग्न लागलं. लुगडं रात्रीपर्यंत सुटलं नाही. मागं कुणी बोललं असेलच. गाव आहे, बोलणार. जाऊबाई मात्र जेवणाच्या पंगतीत नानीजवळ येऊन म्हणाल्या, "माझ्या पोरीच्या वेळी याल नव्हं?"

त्यानंतर दोन लग्नांत नानीला बोलावणं आलं आहे, एका ठिकाणी नुसतं शिकवायला. आता भाची सुट्टीला आली की तिच्याकडून नेसायला शिकते. पहिल्यांदा दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा टिकलं. नानी सांगते, लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच. गाठ नाभीच्या जरा खाली, आणि काष्ट्याचा काठ ओढताना श्वास सोडायचा, घ्यायचा नाही.

आजीचं इरकल पुन्हा ट्रंकेत आहे, जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचं नाही आणि डांबरगोळी त्याला थेट लावायची नाही. दर दिवाळीला उघडून सावलीत वारा द्यायचा आणि घडी बदलायची, कारण कापड तडकतं ते रोजच्या त्याच घडीवर. गेल्या दिवाळीला नानीनं घडी बदलली. या दिवाळीला भाचीची पाळी आहे.